छापण्याआधी तुमचं पुस्तक कोण वाचतं?

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास आमच्या कॉलेजातल्या एका तरुण सरांचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, पुस्तक नापास झालं." त्यांच्या पीएचडीचं पुस्तक व्हावं म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. उजनी धरणाचं पाणी आल्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या रानांचं काय झालं, हा त्यांचा विषय. त्यासाठी पाच वर्षं ते माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा असे मोटरसायकलवर फिरलेत. हस्तलिखित एका विद्यापीठ प्रकाशनाकडे गेलं होतं. पाच महिन्यांनी ईमेल आला, सोबत दोन फायली. मी म्हटलं, उद्या प्रिंट काढून आणा, मग बघू नापास झालं की काय झालं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही ते कागद वाचले. एक अहवाल चार पानांचा, दुसरा सात पानांचा. सर सात पानांचा अहवाल हातात घ्यायलाही तयार नव्हते. मी तो दोनदा वाचला आणि त्यांना सांगितलं, सर, एका अनोळखी माणसानं तुमचं अख्खं पुस्तक तळटीपांसकट वाचलंय. पान ११२ वरचा तक्ता आणि पान १९० वरचं विधान एकमेकांशी जुळत नाही, हे त्याच्या लक्षात आलंय. तुमच्या गाइडच्या लक्षात आलं होतं का? माझ्या आलं होतं का?

सर गप्प बसले. त्यांच्यासारखे कितीतरी जण या टप्प्याला एकटेच असतात. पुस्तकांचा पीअर रिव्ह्यू कसा चालतो हे आपल्याकडे कुणी बसवून सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

पीअर म्हणजे बरोबरीचा माणूस. मराठीत 'समकक्ष परीक्षण', 'तज्ज्ञ परीक्षण' असे शब्द आहेत, पण बोलताना सगळे पीअर रिव्ह्यूच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. त्याच विषयात काम करणारा दुसरा अभ्यासक तुमचं लेखन छापण्याआधी वाचतो आणि आपलं मत प्रकाशकाला लेखी कळवतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला पीएचडीची सवय असते, त्यामुळे घोटाळा होतो. पीएचडीला बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात, मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होते. तिथे बघायचं असतं की या माणसाला संशोधन करता येतं का. पुस्तकाच्या वेळी तो प्रश्न मागे पडलेला असतो. आता प्रश्न असा, की ज्यानं तुम्हाला कधी पाहिलं नाही, सोलापूर नकाशावर शोधायला ज्याला दोन मिनिटं लागतील, त्यानं हे अडीचशे पानांचं पुस्तक का वाचावं?

सुरुवात होते प्रस्तावापासून. पाच-दहा पानांत सांगायचं, की पुस्तकाचं म्हणणं काय, प्रकरणं कोणती, या विषयावर आधी कोणती पुस्तकं आलीत आणि तुमचं त्यात काय वेगळं, कोण वाचेल, शब्द किती, नकाशे-फोटो किती, काम कधी पुरं होईल. सोबत एक-दोन प्रकरणं. हे पहिल्यांदा वाचतो तो संपादक. ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा संपादक वेगळा. हा पुस्तकं निवडणारा. बरेच प्रस्ताव इथूनच परत जातात, आणि कारण पुष्कळदा साधं असतं. ते प्रकाशन त्या विषयाची पुस्तकं काढत नसतं. हा नकार लवकर येतो. तो मनाला लावून घेऊ नये, दुसरीकडे पाठवावा.

संपादकाला रस वाटला की तो परीक्षक शोधतो. बहुधा दोन, आणि दोघांची मतं दोन टोकांची आली तर तिसरा. चाणाक्ष संपादक दोघं एकाच गल्लीतले घेत नाही. सरांच्या बाबतीत एक परीक्षक दख्खनच्या शेतीचा जाणकार असावा, दुसरा पाणी आणि राजकारण यांवर काम करणारा; अहवालांवरून तसं वाटतं. परीक्षक म्हणून कुणाची नावं सुचतात, हे प्रकाशक लेखकालाही विचारतात, आणि अमुक माणूस नको असेल तर कारण देऊन तसंही सांगता येतं. गाइड, एकाच विभागातले सहकारी, सोबत पेपर लिहिलेले लोक, नातेवाईक ही मंडळी बाद. परीक्षकाला मानधन मिळतं, पण ते नाममात्र असतं. थोडी रक्कम, किंवा त्याच प्रकाशनाची तिच्या दुप्पट किमतीची पुस्तकं. अडीचशे पानं वाचून चार पानं लिहिण्याची ती मजुरी होऊच शकत नाही. लोक हे करतात, कारण त्यांचंही पुस्तक कधीतरी कुणीतरी असंच वाचलेलं असतं.

नावांचा मामला पुस्तकांत जरा वेगळा आहे. संशोधनाच्या नियतकालिकांत पुष्कळ ठिकाणी दोन्ही बाजूंची नावं झाकलेली असतात. पुस्तकाच्या परीक्षकाला मात्र लेखक कोण हे बहुतेक वेळा माहीत असतं. लेखकाला परीक्षक कोण ते कळत नाही. प्रस्तावातच लेखकाची ओळख असते, आणि पाच वर्षं एकाच जिल्ह्यात फिरून लिहिलेलं पुस्तक कुणाचं, हे त्या विषयातल्या माणसाला दहाव्या पानावर कळतंच. ते झाकून फारसा उपयोग नसतो.

परीक्षकाला संपादक प्रश्न पाठवतो. मुख्य म्हणणं नवं आहे का? पुराव्यावर ते तोलून धरता येतं का? आधीच्या अभ्यासकांशी लेखक बोलतोय का? रचना, भाषा, लांबी कशी आहे? कोणतं प्रकरण काढावं, कोणतं घालावं? मार्क कुठेच नसतात. शेवटी शिफारस असते. जसंच्या तसं छापा, हे फार क्वचित. बहुतेक वेळा सुधारणा करून छापा. कधी मोठी दुरुस्ती करून पुन्हा दाखवा. कधी छापू नका. काही प्रकाशनं आधी प्रस्तावाचा आणि मग पूर्ण हस्तलिखिताचा, असा दोनदा रिव्ह्यू करतात. प्रस्तावावर करार झाला तरी त्यात बहुधा एक कलम असतं, की अंतिम मान्यता पूर्ण हस्तलिखिताच्या परीक्षणावर अवलंबून राहील. ते कलम नीट वाचा.

सरांच्या सात पानांच्या अहवालातला कळीचा मुद्दा एका वाक्याचा होता. ऊस कालव्यामुळे आला, की साखर कारखान्यामुळे? त्यांच्याच तक्त्यात कालव्याचं पाणी न पोचलेल्या गावांतही विहिरी-बोअरवर ऊस वाढलेला दिसत होता, आणि निष्कर्षात मात्र सगळं श्रेय कालव्याला दिलेलं. पुढे विचारलं होतं, मुलाखती कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांतल्याच जास्त का आहेत? टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कुठे आहे? आपल्या जिल्ह्यात टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं काय असतं ते पाणी सोडायच्या दिवसांत कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. तो माणूस पुस्तकात नव्हता, आणि हे बाहेरच्या वाचकाला दिसलं.

हे मला चांगलं समजतं, कारण माझ्यावर हीच पाळी आली होती. माझं पुस्तक सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरांवर. चादर-टॉवेलच्या धंद्यात कारखानदार कोण, कामगार कोण, आणि एकाच घरात दोन्ही कसे असतात, हा विषय. माझ्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. त्यातलं म्हणणं असं: माग चालवणाऱ्या पुरुषाला लेखिकेनं चार प्रकरणं दिली आहेत, त्याच घरात विडी वळणारी बाई एकाही प्रकरणात नाही, हे घर नेमकं कुणाच्या पैशावर चालतं?

मला राग आला. वाटलं, हा माणूस सोलापुरात कधी आला तरी आहे का? मग मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. घरागणिक केलेल्या नोंदींत पानापानावर माझ्याच अक्षरात दोन शब्द होते: 'बायको – विडी'. मी ते लिहून पुढे गेले होते.

पुन्हा त्या घरांत गेले. एक अक्का उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. भिजवलेलं पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. बोलताना त्या एकदाही हाताकडे बघत नव्हत्या. संध्याकाळी मोजून माल द्यायला जातात, तिथे तपासणारा काही विड्या बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत. मी विचारलं, "अक्का, का काढल्या ते विचारत नाही का?" त्या म्हणाल्या, "विचारून काय? खराब म्हणतात. काय खराब ते सांगत नाहीत."

त्या रात्री मी अहवाल पुन्हा काढून वाचला. तीन पानं, आणि त्यात 'का' सोडून दुसरं काही नव्हतंच. हे का पटत नाही, ते का अपुरं आहे, इथे पुरावा का लागेल. तेव्हा मला पीअर रिव्ह्यू समजला. ज्यानं बाजूला काढलं त्यानं काय खराब ते लिहून द्यायचं, आणि ज्याचं काम आहे त्याला लेखी उत्तर द्यायचा हक्क असायचा. कारण न सांगता आलेला नकार किंवा कारण न सांगता आलेली वाहवा, दोन्ही माझ्या लेखी पीअर रिव्ह्यू नव्हेत. माझ्या पुस्तकात त्यानंतर पाचवं प्रकरण आलं, आणि आज लोक मला भेटून बोलतात ते त्याच प्रकरणाबद्दल.

उत्तराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवे लेखक इथेच चुकतात. अहवाल आला की दोन-चार दिवस त्याला हात लावू नका. मग एक तक्ता करा. डाव्या रकान्यात परीक्षकाचा मुद्दा, त्याच्याच शब्दांत. मधल्या रकान्यात तुम्ही काय करणार. उजवीकडे पान क्रमांक. एकही मुद्दा गाळायचा नाही, अवघड तर मुळीच नाही. सगळं मान्य करायलाच हवं असं अजिबात नाही. माझ्या दुसऱ्या परीक्षकाला भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीशी तुलना हवी होती. मी लिहिलं, की तुलना मोलाची आहे, पण त्यासाठी त्या तीन गावांत तेवढीच वर्षं घालवावी लागतील आणि ते वेगळं पुस्तक होईल. प्रस्तावनेत मात्र दोन पानं घालते. संपादकानं ते मान्य केलं. एकानं प्रकरण वाढवा म्हटलं आणि दुसऱ्यानं तेच काढा म्हटलं, तर संपादकालाच सरळ विचारावं. शेवटी निवाडा त्याचा असतो. परीक्षक सल्ला देतो.

आणि हे उत्तर एकट्या संपादकासाठी नसतं. विद्यापीठ प्रकाशनांत शेवटचा शब्द प्राध्यापकांच्या मंडळाचा असतो. ऑक्सफर्डमध्ये त्यांना डेलिगेट म्हणतात, केंब्रिजमध्ये सिंडिक, अमेरिकेतल्या विद्यापीठांत संपादक मंडळ. पुस्तकावर विद्यापीठाचं नाव जाणार, म्हणून ही परवानगी. मंडळापुढे परीक्षकांचे अहवाल असतात आणि शेजारी तुमचं उत्तर. पुस्तकावर टीका झाली होती की नाही, यापेक्षा लेखकानं ती कशी घेतली हे तिथे जास्त दिसतं. अमेरिकेतल्या विद्यापीठ प्रकाशनांच्या संघटनेनं पुस्तकांच्या पीअर रिव्ह्यूच्या चांगल्या पद्धती २०१६ मध्ये लेखी मांडल्या. तोवर जो तो प्रकाशक आपल्या रिवाजानं चालत होता.

राग येणं स्वाभाविक आहे, हे सरांना पटावं म्हणून मी त्यांना आइन्स्टाइनची गोष्ट सांगितली. १९३६ मध्ये त्यांनी सहकारी रोझेन यांच्यासह गुरुत्वीय लहरींवरचा एक लेख अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादकानं तो परीक्षकाला दाखवला, परीक्षकानं चूक काढली. आइन्स्टाइन चिडले, छापण्याआधी दुसऱ्याला दाखवायची परवानगी आम्ही दिली नव्हती, असं कळवून त्यांनी लेख परत घेतला. पुढे तो दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. तो परीक्षक प्रिन्स्टनचाच, रॉबर्टसन नावाचा. आइन्स्टाइनच्या सहायकाशी बोलता बोलता त्यानं चूक समजावून दिली होती, पण अहवाल आपला होता हे सांगितलं नव्हतं. आज आपल्याला ही पद्धत पूर्वापार चालत आल्यासारखी वाटते. तशी ती नाही. 'नेचर'सारख्या नियतकालिकानंही प्रत्येक लेखाला बाहेरचं परीक्षण १९७३ मध्ये सक्तीचं केलं.

पीअर रिव्ह्यू झाला म्हणजे पुस्तकात चूक नाही, असं मात्र समजू नये. परीक्षक तुमच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकत नाही, मूळ दप्तरं उघडत नाही. कुणी मुलाखत घरी बसून रचली असेल, तर ती सापडेलच असं नाही. वेळ लागतो, कधी वर्षभर. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की परीक्षकांचं वर्तुळ लहान असतं. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच बोळात ऐकू येतात. या तिन्ही भाषांतली कागदपत्रं वाचू शकेल असा परीक्षक दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या संपादकाला सहज सापडत नाही. माझ्या एका परीक्षकाला इथले तेलुगू विणकर अलीकडे स्थलांतर करून आलेत असं वाटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ते इथेच आहेत. माझी प्रस्तावना त्यामुळे सुधारली हे खरं, पण जे दुसऱ्याच्या लक्षात आपोआप यायला हवं होतं ते समजावण्यात माझी पानं गेली.

म्हणून मला वाटतं, हे काम मराठीत व्हायला हवं, आणि त्यासाठी फार साधनं लागत नाहीत. याच गावातली जीवराज जैन ग्रंथमाला घ्या. प्राकृत-संस्कृतातले जैन ग्रंथ सोलापुरातून छापले गेले, आणि मालेचे प्रमुख संपादक होते आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. आधी या दोघांच्या नजरेखालून जायचं, मग छापखान्यात. ती आजच्या अर्थानं पीअर रिव्ह्यूची यंत्रणा नसेल, पण जाणकारानं आधी वाचल्याशिवाय छापायचं नाही, ही शिस्त तिच्यात होती. मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदींखाली लेखकाच्या नावासोबत समीक्षकाचंही नाव दिसतं. तिथे परीक्षक झाकलेला नाही, आपल्या नावानिशी उभा आहे. मराठीत संशोधनाची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकानं दोन वाचक, दोन लेखी अहवाल आणि लेखकाचं एक लेखी उत्तर एवढं जरी ठरवलं, तरी पुष्कळ फरक पडेल.

नाहीतर काय होतं ते रोज फोनवर दिसतं. मला असा निरोप नेहमी येतो: प्रकरण पाठवा, पैसे भरा, आठ दिवसांत 'पीअर रिव्ह्यूड' पुस्तक, आयएसबीएनसह. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ५. बढतीच्या वेळी हे गुण लागतात, आणि त्या गरजेवर हा धंदा उभा आहे. त्यात फसलेल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. पदरचे पैसे त्यांचेच गेलेत. पण आयएसबीएन म्हणजे दर्जाचा शिक्का, हा गैरसमज आधी काढून टाका. तो पुस्तक ओळखायचा तेरा अंकी क्रमांक आहे. भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, आणि पाककृतींच्या पुस्तकालाही मिळतो. खरं-खोटं ओळखायला एकच प्रश्न पुरतो: "परीक्षकांचे अहवाल मला वाचायला मिळतील का?" खरा प्रकाशक नावं झाकून ते स्वतःहूनच पाठवतो. आठ दिवसांवाल्याकडे पाठवायला अहवालच नसतो.

सरांचं उत्तर परवा तयार झालं. सहा पानांचा तक्ता, एकूण एकतीस मुद्दे. चार ठिकाणी त्यांनी असहमती लिहिली, कारणांसकट, आणि त्यातल्या तीन ठिकाणी मला तेच बरोबर वाटतात. पान ११२ च्या मुद्द्यापुढे मधल्या रकान्यात लिहिलंय: 'मान्य. तक्ता बरोबर आहे, निष्कर्ष चुकला होता. बदलतो.' त्याखालच्या टेलच्या मुद्द्यापुढे मात्र रकाना रिकामाच होता. मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तिथलं आत्ता काय लिहू? रविवारी मंगळवेढ्याकडे जातोय. टेलच्या दोन गावांत लोकांना विचारून येतो, मग भरतो."